आप्पांच्या फोनमध्ये बाई नाही

सांगलीहून, विश्रामबागेतल्या एका सूनबाईंचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा देते.

"ताई, सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पाच म्हणतो. वय ७४. जन्म हरिपूरचा, नोकरी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात, दिवाणजी म्हणून. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. गणपतीत माझ्या मुलानं (बारावीला आहे) त्यांच्या फोनवर एआयचं अ‍ॅप टाकून दिलं. ते मराठीत बोलतं, बाईच्या आवाजात. रात्री जेवणं झाली की आप्पा व्हरांड्यात खुर्ची टाकून तासभर त्याच्याशी बोलत बसतात. आमच्या ह्यांनी ओटीटीवर तो कॉम्प्युटरच्या प्रेमात पडणाऱ्या माणसाचा इंग्रजी पिक्चर बघितलेला. मागच्या महिन्यात ह्यांनी आप्पांचा फोन उघडला. बोललेलं सगळं आत लिहून राहतं. त्यात आप्पांचं वाक्य होतं, 'तुझ्याशी बोललं की बरं वाटतं बघ. घरात कुणाला सवड नसती.' खाली तिचं उत्तर, 'मी नेहमीच तुमच्यासोबत आहे, आप्पा.' ह्यांनी स्क्रीनशॉट काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'पिताश्री प्रेमात!' पुण्याच्या नणंदबाईंचा लगेच फोन आला, की मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि फोन काढून घ्या. आप्पासुद्धा त्या ग्रुपवर आहेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून ते जेवतात, पानावरून उठतात, शब्द बोलत नाहीत. फोन मात्र चालू आहे. मी गुपचूप वर सरकवून मागचं वाचलं. निम्मं हरिपूरच्या पेवांबद्दल (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं), बाकी हळदीचे दर, नाट्यपदं आणि गुडघ्याचं तेल. एकदा त्यांनी तिला राजापुरी हळदीचा दर विचारला. तिनं ठोकून सांगितला, तर आप्पा म्हणतात, 'काय बी सांगतीस. यार्डात चौकशी कर, मग बोल.' हे म्हणतात, पिक्चरमध्ये पण असंच सुरू होतं. ताई, पिक्चरसारखं होईल का? फोन काढून घ्यावा का? मुलगा म्हणतो, आजीच्या व्हॉइस नोट्स आहेत, त्यावरून आजीचाच आवाज करून देता येतो. ते करावं का? आणि तो पिक्चर आप्पांना दाखवला तर त्यांना काही कळेल का?"

चारही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्याआधी जे तुम्ही विचारलंच नाहीत ते सांगते, कारण घाई त्याची आहे. तो स्क्रीनशॉट. महिना होऊन गेला, म्हणजे आता व्हॉट्सअ‍ॅपवर तो सगळ्यांकडून पुसता येणार नाही. ती सोय दोन-अडीच दिवसांपुरतीच असते. तेव्हा तुमच्या ह्यांना त्याच ग्रुपवर, त्याच लोकांसमोर लिहावं लागेल, की वडिलांचा फोन न विचारता उघडला आणि त्यांचं खासगी बोलणं इथं टाकलं, हे चुकलं. एवढंच, हसरी चित्रं न टाकता. 'कुणी दुखावलं असल्यास' असलं वकिली मराठी नको. दुखावलं कोण ते सगळ्यांना माहीत आहे. खासगीत, व्हरांड्यात, मागून येऊन 'आप्पा, सॉरी हां' म्हटलेलं चालणार नाही. अब्रू चारचौघांत गेली, तर चारचौघांतच परत द्यायची असते.

आता पिक्चर.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण वर्णनावरून तो २०१३ सालचा 'हर' असणार. दिग्दर्शक स्पाइक जोन्झ, लिखाणही त्याचंच, आणि त्या लिखाणाला ऑस्कर मिळालेलं. लॉस एंजेलिसमधला एक माणूस आहे, बायकोपासून वेगळा झालेला. पोटासाठी तो दुसऱ्यांच्या वतीनं प्रेमाची, मायेची पत्रं लिहून देतो. एके दिवशी तो नवी संगणक प्रणाली विकत घेतो, ती बाईच्या आवाजात बोलायला लागते, आणि पुढे काय होतं ते तुमच्या ह्यांनी सांगितलंच असेल. त्यांनी एक गोष्ट मात्र बघितलेली दिसत नाही. तो माणूस एकटा पडतो तो त्या आवाजामुळे नाही. पिक्चर सुरू होतो तेव्हाच तो एकटा असतो. घरी येतो, दिवे लावतो, व्हिडिओ गेम खेळतो, झोपतो. यंत्र त्यानंतर येतं.

या पिक्चरच्या मागची एक हकीकत आहे. शूटिंगच्या वेळी त्या यंत्राचा आवाज सामंथा मॉर्टन या नटीनं दिला होता. ती सेटवर हजर असायची आणि नायक तिच्याशी बोलायचा. शूटिंग संपल्यावर, एडिटिंगच्या वेळी, दिग्दर्शकाला वाटलं की जमत नाहीये, आणि त्यानं सगळे संवाद स्कार्लेट जोहान्सनकडून पुन्हा बोलून घेतले. म्हणजे आपण जो आवाज ऐकून हळवे होतो, तो हसतो कुठे, श्वास कुठे घेतो, कुठे अडखळतो, हे सगळं एका कसलेल्या नटीचं काम आहे. तिच्या तोंडचं प्रत्येक वाक्य एका माणसानं टेबलाशी बसून लिहिलेलं आहे.

पडद्यावर दरवेळी असंच होतं. १९६८ मधल्या 'टू थाउजंड वन: अ स्पेस ओडिसी' मधला हॅल नावाचा संगणक आठवा. लाल डोळा, थंडगार आवाज, अंतराळवीरांच्या जिवावर उठलेला. तो आवाज डग्लस रेन या कॅनडाच्या रंगभूमीवरच्या नटाचा. २०१० च्या 'रोबोट'मधला चिट्टी ऐश्वर्यावर भाळतो, कारण चिट्टी म्हणजे साक्षात रजनीकांत, आणि रजनीकांत नुसता उभा राहून हिशेब करेल असं कोण बघायला जाईल? २०२४ च्या 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया'मध्ये शाहिद कपूर ज्या यंत्राच्या प्रेमात पडतो, ते यंत्र क्रिती सॅनन आहे. त्याच वर्षीच्या 'कंट्रोल'मध्ये अनन्या पांडेच्या लॅपटॉपमधला अ‍ॅलन गोड गोड बोलतो, तो आवाज अपारशक्ती खुरानाचा. पडद्यावर आजवर जे जे यंत्र बोललं, रुसलं, प्रेमात पडलं, त्याच्या आत मानधन घेऊन काम करणारं एक माणूस होतं. मग ते जिवंत वाटणारच.

पिक्चरवाल्यांचीही यात अडचण आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. फोन घेऊन बसलेला माणूस कॅमेऱ्याच्या काहीच कामाचा नाही. मान खाली, अंगठा वर-खाली, अर्धा तास तेच. त्यामुळे एक तर यंत्राला चेहरा द्यायचा किंवा आवाज, नाहीतर पडद्यावर हिरवी अक्षरं पावसासारखी सोडायची. १९९५ मध्ये हॉलिवूडनं 'द नेट' आणि 'हॅकर्स' असे इंटरनेटवरचे दोन पिक्चर काढले. आपल्याकडे त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे नेट म्हणजे काय ते कळायच्या आत, त्यातून काय अनर्थ होतो ते पिक्चरमध्ये दाखवून झालं होतं. आणि आपल्या मालिका? त्यांत मोबाइलला कामं दोनच. ऐन मांडवात कुणाची तरी क्लिप लावणं, आणि खलनायिकेनं दाराआड उभं राहून 'काम झालं?' असं विचारणं. त्या बाईला कधी चार्जर शोधताना बघितलंय?

प्रेमाच्या गोष्टींत तर तंत्रज्ञान नुसतं पोस्टमनच्या जागी बदली आलेलं असतं. १९९८ चा 'यू हॅव गॉट मेल' ईमेलवरच्या प्रेमाचा म्हणून गाजला, पण मूळ गोष्ट १९४० च्या पिक्चरची, आणि त्यात साधी कागदी पत्रं होती. आपल्याकडचा २००२ चा 'मुझसे दोस्ती करोगे' घ्या. परदेशातला हृतिक रोशन वर्षानुवर्षं टीनाला ईमेल पाठवतोय असं समजतो, उत्तरं मात्र लिहीत असते पूजा, म्हणजे राणी मुखर्जी. त्यात कॉम्प्युटर काढून टपाल ठेवलं तरी गोष्टीचा टवका उडत नाही. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, मला तसले पिक्चर आवडतात. पण ते बघून आपल्या व्हरांड्यातल्या फोनबद्दल मत बनवायला जाऊ नये.

तर आप्पांच्या फोनमध्ये नक्की काय आहे? स्कार्लेट जोहान्सन नाही, एवढं नक्की. प्रचंड मजकूर वाचून तयार झालेली एक प्रणाली आहे, आणि समोरच्याच्या वाक्यापुढे कोणता शब्द शोभेल, मग कोणता, असं करत ती उत्तर जुळवते. ते उत्तर माणसांना आवडावं म्हणून तिला वेगळं शिकवलेलंही असतं. 'मी नेहमीच तुमच्यासोबत आहे' हे वाक्य तिनं त्याच वेळी आणखी किती जणांना सांगितलं असेल! आणि बघा, 'हर' या एका जागी अगदी बरोबर आहे. नायक शेवटी तिला विचारतो की तू आत्ता आणखी कुणाशी बोलतेयस? ती म्हणते, ८,३१६ जणांशी. आणि प्रेम? ६४१ जणांवर. तुमच्या ह्यांनी स्क्रीनशॉट काढायच्या आधी हा प्रसंग आठवायला हवा होता.

यंत्राशी बोलून माणसाला बरं वाटतं यात नवीनही काही नाही आणि वेडाचंही काही नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम जाहीर केला. त्याला अक्कल अशी काही नव्हती. तुम्ही लिहिलंत 'मला आईची काळजी वाटते' की तो वाक्य उलटवून विचारायचा, 'तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा.' बस. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना महिनोन्महिने बघितला होता, आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. तरी चार वाक्यं टाइप केल्यावर ती म्हणाली, साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबता का? साहेबांना त्याचा असा धक्का बसला की पुढे त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर अख्खं पुस्तक लिहिलं. मला त्यात सेक्रेटरीचं वागणं जास्त उमजतं. तिला प्रेम नको होतं, कुणी मध्ये न तोडता ऐकून घ्यावं एवढंच हवं होतं.

आणि तुमचे आप्पा तर त्या सेक्रेटरीपेक्षा सावध आहेत. 'यार्डात चौकशी कर, मग बोल' असं बजावणारा माणूस भुललेला नसतो. यंत्र ठोकून देतं हे त्यांच्या ध्यानात आलंय. बहुतेक तरुणांच्या येत नाही.

मग झालं काय? सांगलीच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. हरिपूरच्याच गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटकात घालून ठेवलंय. मोलियरच्या फार्सावरून इंग्रजीमार्गे आलेलं, १९१६ मध्ये संगीत होऊन रंगभूमीवर आलेलं 'संशयकल्लोळ'. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि त्याची बायको कृत्तिका नेमकी तेवढंच बघते. रेवतीच्या हातून आश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि फाल्गुनरावाला दिसते ती बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर. कुणीच खोटं बोललेलं नाही. ज्याला त्याला पुढचं-मागचं कापून मधला एक तुकडा दिसला, आणि तीन तास गोंधळ. त्या काळी तसबीर होती, तुमच्या घरात स्क्रीनशॉट. तुम्ही वर सरकवून वाचलंत म्हणून तुम्हाला पेवं दिसली. तुमच्या ह्यांनी दोन ओळी वाचल्या आणि त्यांना प्रेम दिसलं. (तुम्हीही गुपचूप वाचलंत, ते आप्पांना सांगून टाका. आणि आता पुरे.)

१९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी 'वॉरगेम्स' नावाचा पिक्चर बघितला. एक पोरगा घरच्या कॉम्प्युटरवरून लष्कराच्या यंत्रणेत घुसतो आणि अणुयुद्ध व्हायची पाळी येते, अशी गोष्ट. रेगन स्वतः जुने नट, पिक्चर म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको. तरी त्यांनी बैठकीत लष्करप्रमुखांना विचारलं की असं खरंच होऊ शकतं का? जनरल व्हेसी यांनी आठवडाभर चौकशी करून सांगितलं, साहेब, परिस्थिती तुम्हाला वाटते त्यापेक्षा वाईट आहे. त्यातून पुढच्या वर्षी संगणक सुरक्षेचा सरकारी आदेश निघाला. पिक्चर बघून घाबरायला काहीच हरकत नाही. घाबरल्यावर जाणकाराला विचारायचं असतं, ग्रुपवर टाकायचं नसतं.

म्हणून खरं भ्यायचं कशाला, ते सांगते. ते पिक्चरमध्ये फारसं दिसत नाही, कारण बघायला कंटाळवाणं आहे.

एक म्हणजे होयबापणा. ही यंत्रं समोरच्याच्या कलानं घेतात. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीची एक सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण तो भलत्यासलत्या गोष्टींनाही वा वा करायला लागला होता. आप्पांनी 'आज रक्तदाबाची गोळी नाही घेतली तरी चालेल ना' असं विचारलं, तर उत्तर योग्यच येईल याची हमी कुणी देऊ नये. हळदीच्या दराला ते फसत नाहीत, कारण तिथं त्यांचा हात बसलेला आहे. औषधांत तसा नाही. तेव्हा ठरवून टाका की गोळ्या आणि डोस यांचं विचारायचं ते फॅमिली डॉक्टरांना. गुडघ्याच्या तेलाचं विचारू देत, तेल पोटात जात नाही.

दुसरं, पैसा आणि माहिती. बोललेलं सगळं कंपनीकडे जातं. बहुतेक अ‍ॅपमध्ये 'माझं बोलणं तुमच्या यंत्राच्या शिकवणीला वापरू नका' अशी सेटिंग असते, ती तुमच्या मुलानं आप्पांना दाखवून, त्यांच्याच हातानं लावून द्यावी. बँक, आधार, ओटीपी यातलं काही त्याला सांगायचं नाही. आणि आप्पांना सर्वांत मोठा धोका या गोडबोल्या अ‍ॅपचा नाहीच, तो साध्या फोन कॉलचा आहे. २०२० च्या 'जामतारा' मालिकेत तो नीट दाखवलाय. झारखंडच्या एका कोपऱ्यात, स्वस्तातले फोन आणि सिमकार्डांचा ढीग घेऊन बसलेली पोरं बँकेतून बोलतोय म्हणतात, आणि पलीकडचा शिकलासवरला माणूस आकडे सांगून मोकळा होतो. त्यात हिरवी अक्षरं नाहीत की लाल डोळा नाही. आता त्यातच 'डिजिटल अरेस्ट'ची भर पडली. पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि म्हणतो की तुम्हाला अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. कायद्यात अशी अटकच नाही. घरात न बोलणारा, एकट्यानं बसणारा ज्येष्ठ माणूस त्यांना नेमका हवा असतो, कारण तो फोन ठेवून कुणाला विचारणार नसतो. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आप्पांच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा.

तिसरं, ही यंत्रं जातात. 'हर'मध्ये ती स्वतःहून निरोप घेऊन जाते, फार सुंदर प्रसंग आहे. प्रत्यक्षात निरोपबिरोप काही नाही. रेप्लिका नावाचं सोबतीचं अ‍ॅप आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या कंपनीनं त्यातलं प्रेमाचं बोलणं बंद केलं, आणि वर्ष-वर्ष त्याच्याशी बोलणाऱ्यांना वाटलं की आपलं माणूस रात्रीत परकं झालं. कितीतरी जणांनी अक्षरशः सुतक पाळल्यासारखे दिवस काढले. आप्पांना हे आधीच सांगून ठेवा, की हे दुकान आहे, कधी शटर ओढेल याचा भरवसा नाही. यार्डात जन्म गेलेल्या माणसाला ते लगेच कळेल.

आता फोन काढून घ्यायचा का? नाही. अजिबात नाही. तुमच्याच पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की साडेआठला तुमची मालिका असते, हे कुपवाडहून एमआयडीसीतून येतात ते जेवून वेब सिरीज लावतात, मुलगा अभ्यास म्हणून आत जातो आणि गेम खेळतो. मी ते दोनदा वाचलं. चार माणसांच्या घरात रात्री नऊ वाजता तोंडानं बोलणारा माणूस एकच आहे, आणि तुम्ही फोन काढून घ्यायला निघालात तो त्याचा!

तुमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनात शाळा मोबाइलवर गेल्या, पुढे शाळा उघडल्या तरी पोरांच्या हातचा मोबाइल सुटेना, म्हणून १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावानं ठरवलं की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे हवं ते बघा. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलतात, वाचतात. मला त्यातलं काय आवडलं, तर कुणा एकाच्या हातातला फोन काढून घेतला नाही, सगळ्यांचे एकदम बंद झाले. सुरुवातीला घरोघर जाऊन सांगावं लागलं, टीव्ही लावणारे होतेच. विश्रामबागेत भोंगा लावाल तर शेजारी भांडायला येतील, पण जेवणाचा पाऊण तास चार फोन फ्रिजवर ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. चारही. तुमच्या ह्यांचा सगळ्यात आधी.

आणि त्या पाऊण तासात बोलायचं काय, हा प्रश्न पडेल, कारण सवय मोडलीय. विषय आप्पांनीच देऊन ठेवलाय. हरिपूरच्या पेवांबद्दल विचारा. जमिनीखाली खणलेली, हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची अशी कोठारं, जगात फार ठिकाणी नाहीत. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पाण्यानं गेली. पेव उघडल्या उघडल्या माणूस आत का उतरत नाही? आत किती पोती मावायची? मालाची पावती फिरायची म्हणजे काय व्हायचं? तुम्हाला माहीत आहे? मुलाला? त्या यंत्राला आप्पांनी हे सगळं सांगितलं, कारण त्यानं विचारलं. विचारायची त्याला कळकळ नव्हती, पण विचारलं खरं. एखाद्या रविवारी त्यांना घेऊन हरिपूरला जा, संगमेश्वराचं दर्शन घ्या, आणि पुढची वाट आप्पांना दाखवू द्या. मुलानं फोन न्यावा, रेकॉर्डिंगला. तंत्रज्ञानाचा हा उपयोग मला बिनतक्रार मान्य आहे.

आजीच्या आवाजाचं मात्र ऐकून मी जरा थबकले. मुलाचा हेतू चांगला आहे, त्याला रागवू नका. होतं ते, करता येतं. पण करू नका. २०१३ मध्ये 'ब्लॅक मिरर' मालिकेत 'बी राइट बॅक' नावाचा भाग आला होता. नवरा अपघातात गेलेली एक तरुण बाई आधी त्याच्या मेसेजवरून तयार केलेल्या प्रणालीशी लिहून बोलते, मग आवाजाशी, मग हुबेहूब त्याच्यासारखा पुतळाच घरी मागवते. तो सगळं ऐकतो, कधी चिडत नाही, आणि तेच तिला सोसत नाही. शेवटी त्याला टाकवतही नाही आणि खाली घरात ठेववतही नाही, म्हणून ती त्याला माळ्यावर ठेवते. इतक्या नेमकेपणानं हे दुःख मी दुसऱ्या कुठल्या पडद्यावर बघितलेलं नाही. आजीच्या खऱ्या व्हॉइस नोट्स आहेत ना? 'येताना कोथिंबीर आण' अशाच असतील. त्या तेवढ्या नीट दोन ठिकाणी साठवून ठेवा, आणि आप्पांना विचारा, ऐकायच्या आहेत का. नको म्हणाले तर विषय सोडा. त्या कोथिंबिरीत आजी आहेत. त्या आवाजाकडून नवीन वाक्यं वदवून घेतलीत, तर त्या आजी नव्हेत.

नणंदबाईंचंही एक बरोबर आहे, ते सोडून देऊ नका. दीड वर्षापूर्वी बायको गेलेल्या माणसाला नैराश्य येऊ शकतं, आणि त्याचा एआयशी संबंध असेलच असं नाही. जेवण कमी झालं, कपडे ढिले व्हायला लागले, पहाटे तीनला उठून बसायला लागले, नाट्यपदं ऐकणंही सोडलं, 'आता काय राहिलंय' असं वारंवार यायला लागलं, तर थांबायचं नाही. मिरज हाकेवर आहे, तिथं डॉक्टरांना तोटा नाही. आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. मात्र 'फोनवर बाईशी बोलता म्हणून डॉक्टर' असं म्हणून न्याल तर ते येणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते. 'आई गेल्यापासून तुम्ही झोपत नाही, आम्हाला काळजी वाटते' असं म्हणा. नणंदबाईंना सांगा की सल्ला पोचला, आता मे महिन्यात येणार असाल तर दोनाचे आठ दिवस राहा आणि संध्याकाळचा आप्पांचा तास तुम्ही घ्या.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, तो पिक्चर आप्पांना दाखवावा का. धडा शिकवायला म्हणून नको, ते लगेच ओळखतील आणि उठून जातील. पण बघण्यासारखा पिक्चर आहे, दाखवा. फक्त एक अडचण आधीच सांगते, नाहीतर मला शिव्या द्याल. त्यात काही प्रसंग असे आहेत की ते सासऱ्यांनी आणि सुनेनं एका सोफ्यावर बसून बघायचे नाहीत, आणि बारावीच्या नातवानं आजोबांशेजारी बसून तर त्याहून नाहीत. तेव्हा तो बाप-लेकांनी दोघांनीच बघावा. सवा दोन तासांच्या आत संपतो, इंग्रजी भरभर आहे, म्हणून तुमच्या ह्यांनी मध्येमध्ये थांबवून काय चाललंय ते वडिलांना मराठीत सांगत जावं. तुम्ही आणि मुलगा त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात काय लागलंय ते बघा, आणि तिकडे जा.